फॅमिली एसयूव्हीत कोणती ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यावी?

माहितीपत्रकात 'एडब्ल्यूडी' (म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह) एवढंच वाचून एसयूव्ही ठरवू नका. इंजिनाची ताकद दुसऱ्या जोडीच्या चाकांपर्यंत कशी पोचते आणि तिथे किती वेळ टिकते, हे प्रत्येक यंत्रणेत वेगळं असतं. घसरड्या चढावर गाडी अडली की हा फरक लगेच कळतो.

बहुतेक फॅमिली एसयूव्ही मुळात फ्रंट-व्हील ड्राइव्ह असतात. एडब्ल्यूडी मॉडेलमध्ये गिअरबॉक्सपासून एक प्रोपेलर शाफ्ट (ताकद वाहून नेणारा लांब दांडा) मागे जातो आणि मागच्या डिफरेन्शियलपाशी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचापाशी, क्लच प्लेट्सचा संच असतो. प्लेट्स सुट्या असल्या की गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्या जितक्या आवळल्या जातील, तितका टॉर्क (चाक फिरवणारा जोर) मागे जातो. फोक्सवॅगनने १९९८ मध्ये गोल्फमध्ये हाल्डेक्स कंपनीचा असा क्लच आणला, तेव्हा पुढची चाकं जराशी घसरली की मग तो आवळला जायचा. आताच्या यंत्रणा तेवढीही वाट पाहत नाहीत. अ‍ॅक्सलरेटर किती दाबलाय, स्टिअरिंग किती वळलंय, प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय, हे कंप्युटर सतत पाहत असतो. ओल्या रस्त्यावर जोरात निघताना क्लच आधीच आवळलेला असतो, त्यामुळे पुढचं चाक जागेवर गरगरण्याची वेळ सहसा येत नाही.

या प्रकाराची खरी मर्यादा उष्णता आहे. खोल वाळूत किंवा चिखलात बराच वेळ रेटत राहिलात तर प्लेट्स घासून तापतात. ताप वाढला की क्लचला जपण्यासाठी कंप्युटर तो मोकळा सोडतो, डॅशबोर्डवर सूचना येते आणि गाडी पुन्हा फक्त पुढच्या चाकांवर येते, तीही नेमकी अडकलेली असताना. 'लॉक' बटण क्लच आवळून ठेवतं खरं, पण ते कमी वेगासाठी असतं. अनेक गाड्यांत ताशी ४० किमीच्या आसपास ते आपोआप सुटतं.

फुल-टाइम यंत्रणेत चारही चाकांना कायम ताकद मिळते. ऑडीच्या क्वाट्रोचं नाव १९८० पासून यासाठीच घेतलं जातं. मात्र ऑडीच्या सगळ्याच गाड्यांत आज तीच रचना नाही, लहान मॉडेलमध्ये क्लचच असतो. सुबारूच्या ऑटोमॅटिक फॉरेस्टरमध्येही क्लच आहे, पण तो एरवीही काही प्रमाणात आवळलेलाच राहतो. ओल्या घाटात वळणामागून वळण घेताना अशी गाडी फार शांत वाटते. मला ही रचना मनापासून आवडते, पण सतत फिरणाऱ्या भागांमुळे इंधन थोडं जास्त लागतं.

हायब्रिडमध्ये गणितच वेगळं. टोयोटा रॅव्ह४ हायब्रिडच्या एडब्ल्यूडी मॉडेलमध्ये पुढून मागे जाणारा शाफ्ट नाही. मागच्या चाकांना स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर आहे. मोटर क्षणात प्रतिसाद देते, म्हणून बर्फावरून किंवा ओल्या गवतावरून निघायला ही यंत्रणा उत्तम. पण मागची मोटर पुढच्यापेक्षा बरीच लहान आहे. लांब, खड्या, सैल मातीच्या चढावर तिच्याकडून शाफ्टवाल्या गाडीएवढी अपेक्षा ठेवू नका. मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इन हायब्रिडमध्ये मागची मोटर तुलनेने दमदार आहे, म्हणजे हायब्रिड-हायब्रिडमध्येही फरक आहेच.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि लो रेंज (संथ पण जोरदार चालीचे गिअर) असलेली, गरजेपुरतीच लावायची पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह दगडधोंड्यांसाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांनी कापलेलं अंतर जुळत नाही आणि सगळी यंत्रणा ताणली जाते. रोजच्या कौटुंबिक वापराला ती नको.

एक चाचणी मात्र सगळ्यांची पोल उघडते: खड्ड्यात गाडी तिरपी होऊन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली (उदा. पुढचं डावं आणि मागचं उजवं) दोन चाकं हवेत लोंबकळणं. साध्या डिफरेन्शियलमध्ये ताकद हवेतल्या चाकातच वाया जाते. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल (चाकांची घसरण आवरणारी यंत्रणा) त्या चाकाला ब्रेक लावतो आणि टॉर्क जमिनीवरच्या चाकाकडे वळतो. हे काम कोण किती तत्परतेने करतं, ते टेस्ट ड्राइव्हला आडव्या चरावर पाहण्यासारखं आहे. अ‍ॅक्सलरेटर एकसारखा दाबून ठेवा आणि कंप्युटरला वेळ द्या.

रस्ते पक्के असतील आणि ओल फक्त पावसापुरती असेल, तर माझ्या मते फ्रंट-व्हील ड्राइव्ह आणि चांगले टायर पुरेत. ब्रेक चारही चाकांना प्रत्येक गाडीत असतातच. एडब्ल्यूडीने थांबण्याचं अंतर कमी होत नाही. दरवर्षी बर्फ, किंवा घरापर्यंत कच्चा चढ असेल तर क्लचवाली यंत्रणा बिनधास्त घ्या. इंधन वाचवायचं असेल आणि अडचण फक्त निघण्यापुरती असेल तर हायब्रिड. सतत ओले, वळणाचे रस्ते असतील तर फुल-टाइम.

घेतल्यावर चारही टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले ठेवा. एकच नवा टायर टाकला की त्याचा घेर वेगळा पडतो आणि क्लच विनाकारण घासत राहतो. टोइंग लागली तर चारही चाकं उचलून नेणारी गाडीच मागवा. जुनी एसयूव्ही घेत असाल तर मागच्या क्लचचं तेल कधी बदललं याची नोंद सर्व्हिस बुकमध्ये शोधा. बऱ्याच गाड्यांत ते ठराविक काळाने बदलावं लागतं आणि सर्वांत आधी राहून जातं तेही हेच.