मोनोपॉली: गडद निळी जोडी धरावी का नारिंगी तिकडी?

मोनोपॉली, म्हणजे पटावरच्या जागा विकत घेऊन त्यावर थांबणाऱ्यांकडून भाडं वसूल करायचा खेळ. त्यात नुसत्या रेल्वेवर जिंकलेला माणूस मी तरी बघितलेला नाही. चारी स्टेशनं आपली असली तर येणाऱ्या प्रत्येकाकडून २०० मिळतात, चहापाणी निघतं, पण समोरच्याचं दिवाळं काढायची ताकद त्यात नाही. वीज-पाण्याच्या कंपन्यांचं तर नावच सोडा. खेळ निकाली निघतो तो घरं बांधता येणाऱ्या रंगांवर (एका रंगाच्या सगळ्या जागा आपल्या झाल्या की त्यावर बांधता येतं), आणि तिथं बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: पटाच्या शेवटची गडद निळी जोडी धरावी, का जेलच्या पुढची नारिंगी तिकडी? लातूरला आमच्या घरी उन्हाळा लागला की पेटी माळ्यावरनं खाली येते आणि मे महिना संपेपर्यंत वर जात नाही. त्यामुळं दोन्ही बाजूंनी भरपूर खेळून झालंय. खालचे आकडे मूळ अमेरिकी पटाचे आहेत. तुमच्याकडं आपली 'व्यापार'ची पेटी असेल तर शहरं, भाडी, खान्यांची मांडणी सगळंच वेगळं असू शकतं. कार्डं समोर घेऊन हिशोब नव्यानं लावा.

निळ्याची भुरळ पडते हे मान्यच. जोडीतल्या बोर्डवॉकवर हॉटेल (चार घरांनंतरची पायरी) उभं राहिलं की भाडं २०००, दुसऱ्या जागेवर, पार्क प्लेसवर, १५००. त्यावर कुणाची सोंगटी पडली की घरभर जो कल्ला होतो तो नारिंगीवर कधी होत नाही. पण त्या कल्ल्यापर्यंत पोचायचं कसं? सुरुवातीला हातात १५०० असतात. दोन्ही निळ्या जागा छापील किमतीत मिळाल्या तरी ७५० गेले, आणि तिथलं एकेक घर २०० चं. दोन्हीवर तीन-तीन घरं टाकायची म्हणजे एकूण १९५० मोजावे लागतात. नारिंगीच्या तीन जागा १८०, १८० आणि २०० ला, घर १०० चं. तिन्हीवर तीन-तीन घरं धरूनही सगळं १४६० त बसतं. ही घरं उभी राहिली की भाडं ५५०, ५५० आणि ६००. खेळाच्या मध्यावर खिशात ५५० रोख असलेला माणूस आमच्याकडं तरी क्वचितच सापडतो, बाकीच्यांचा पैसा सगळा कार्डांत अडकलेला असतो.

वर्दळीचं गणितही नारिंगीच्याच बाजूनं आहे. पटावर सोंगट्या सगळ्यात जास्त थांबतात त्या जेलवर: 'जेलमध्ये जा'चा कोपरा, तशीच कार्डं, लागोपाठ तीनदा जोडदान (दोन्ही फाशांवर सारखा आकडा), सगळे रस्ते तिथंच. सुरुवातीचं 'गो'चं खानं सोडून मोजलं तर जेल दहाव्या खान्यावर, आणि नारिंगी जागा सोळा, अठरा, एकोणीसवर. म्हणजे सुटणाऱ्याला सहा, आठ किंवा नऊचं दान पडलं की तो तुमच्या दारात. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी चौदा इथंच आल्या. पूर्णा जंक्शनला उतरलेला माणूस पुढची गाडी लागेपर्यंत जसा समोरच्या चहावाल्याकडं वळतोच, तशी जेलमधून सुटलेली सोंगटी नारिंगीत घुटमळते. सातचं दान सगळ्यात जास्त पडतं, आणि नेमकं त्यावर कम्युनिटी चेस्टचं, म्हणजे नुसतं कार्ड उचलायचं खानं आहे, तेवढी एक हळहळ. उलट लाल पट्ट्यातल्या चान्सवर (हेही कार्ड उचलायचंच खानं) 'तीन खाने मागं जा' निघालं तर माणूस मुकाट्यानं नारिंगीच्या शेवटच्या जागेवर येतो.

आता पार्क प्लेस बघा. तिच्या बरोबर सात खाने मागं 'जेलमध्ये जा'चा कोपरा आहे. जिथनं सातचं दान टाकून लोक तुमच्याकडं आले असते, तिथं कुणी मुक्कामच करत नाही. पडला की उचलून थेट जेलात, म्हणजे परत नारिंगीच्या तोंडाशी. बोर्डवॉकला नेणारं चान्सचं एक कार्ड आहे, पण ते एकच.

हे सगळं कळत असूनही निळ्याचा मोह मला बरेच दिवस सुटत नव्हता. तो सोडवला आमच्या दाजींनी.

बाहेर ऊन रणरणतंय, कूलर चालू, नोटा उडू नयेत म्हणून बँकेवर आजीचा अडकित्ता. माझ्याकडं बोर्डवॉक, दाजींकडं पार्क प्लेस. मी दोन रेल्वे देऊ केल्या. नाही. दोन रेल्वे आणि वर ३०० रोख. नाही.

"दाजी, किती पाहिजे ते तरी सांगा."

"मी देतच नसतो."

"तुमच्या काय कामाचं ते एकटं?"

"माझ्या नसू दे. तुझ्याबी कामाला येऊ देत नसतो."

आणि कार्ड मांडीखाली गेलं ते डाव संपेपर्यंत बाहेर आलं नाही. पाणी प्यायला उठले तरी कार्ड सोबत.

दाजींचा राग नाही. त्यांच्या जागी कुणीही हेच करील, आणि निळ्याची खरी कटकट हीच आहे. जोडी दोनच कार्डांची असल्यानं एक माणूस हटून बसला की सगळं ठप्प, आणि हटून बसायला त्याला दमडी खर्च येत नाही. शिवाय निळ्याचा भाव घरात लहानमोठ्या सगळ्यांना पाठ. तुम्ही मागायला गेलात की समोरचा आधी सावध होतो, मग किंमत ऐकतो. तोवर तुमचे ४०० त्या एका कार्डात पडून, त्यावर बांधकाम नाही, भाडं ५०, तेही कधीतरी. गहाण टाकलं तर २०० हातात येतात आणि सोडवताना दहा टक्के व्याज. पुढच्या डावांत माणसं बदलली, मावसभाऊ आला, आक्का आली, पण निळ्याचं हे असंच. जोडी सरळ एकाच्या हाती पडली तर पडली, नाहीतर दोघं दोन टोकांना मुसक्या बांधून बसलेले.

(हा खेळ ज्यातून आला तो 'द लँडलॉर्ड्स गेम' लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी, जागा अडवून बसणाऱ्यांपायी बाकीचे कसे भरडले जातात हे दाखवायला काढला होता, त्याचं पेटंट १९०४ चं. हे दाजींना सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबरच खेळायलो की मी.")

नारिंगीचा सौदा मात्र कुणाच्या डोळ्यावर येत नाही. किंमत मधली, जागा मधली, नावाला वलय नाही. भाचीकडचं नारिंगी कार्ड मी एका रेल्वेच्या बदल्यात घेतलं, तर ती आईला जाऊन सांगत होती की मामाला कसं गंडवलं. तीन कार्डं जमवायची म्हणजे दोनापेक्षा अवघड असायला पाहिजे, पण घासाघीस होते, माणसं हसत हसत देतात, आणि तुमची तिकडी पुरी झाली हे त्यांना पहिलं भाडं भरताना कळतं.

तिकडी जमल्यावर हॉटेलची घाई करू नका. दुसऱ्या घराला भाडं २०० असतं, तिसऱ्याला एकदम ५५०. शंभर रुपयांत एवढी उडी पुढं कुठंच नाही. तिसऱ्यावरनं हॉटेलपर्यंत आणखी २०० घालून भाडं ९५० वर जातं, वाईट नाही, पण त्यात मेख आहे. बँकेत घरं मोजून बत्तीस. हॉटेल घेतलं की तुमची चार घरं बँकेत परत जातात आणि दुसरा कुणीतरी ती उचलतो. तुम्ही तीन किंवा चार घरांवर अडून राहिलात तर इतरांना बांधायला घरं कमी पडू शकतात, निळी जोडी जमवलेल्यालाही. घरं संपल्यावर आगपेटीच्या काड्या लावून काम भागवणारे असतात, त्यांना नियमाचा कागद दाखवा.

निळं अगदीच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. बऱ्याच घरांत दंडाचे, कराचे पैसे फ्री पार्किंगच्या कोपऱ्यावर साठवून तिथं पडणाऱ्याला देतात. मूळ नियमात ते नाही, पण तुमच्याकडं तशी पद्धत असेल तर खेळात पैसा फार होतो, ५५० नं कुणाला झळ लागत नाही आणि तिथं २००० चाच दणका पाहिजे. तसंच कुणी न घेतलेली जागा लिलावात काढायचा नियम तुम्ही पाळत असाल आणि सगळे कफल्लक असताना निळी जागा लिलावात निघाली, तर सोडू नका. नारिंगी दुसऱ्यानं आधीच पुरं केलं असेल तर पुढचा लाल गट बघा, किंवा अगदी सुरुवातीलाच फिका निळा, तिथलं घर ५० ला पडतं. खेळणारी माणसं कशी आहेत यावरही बरंच अवलंबून. तुमचे दाजी दिलदार असतील तर माझा अर्धा मुद्दा गळूनच पडतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर निळं कार्ड आजही हाती आलं की घेतो, पण विकायला. ज्याच्याकडं त्याचा जोडीदार आहे त्याला ते देऊन बदल्यात नारिंगी कार्ड आणि वर रोख मागतो. फक्त त्याआधी त्याच्या नोटा मोजून घ्याव्यात. दोन्हीवर तीन-तीन घरं टाकायला त्याला १२०० लागणार; सौदा झाल्यावर त्याच्याकडं दोन-तीनशेच उरतील एवढी रोख काढून घेतली तर त्याची जोडी बरेच फेरे मोकळीच पडून राहते. आणि तुमची तिकडी त्या सौद्यानं पुरी होत असेल तर पुढच्यानं फासे उचलायच्या आत घरं मांडून टाका. आपली पाळी नसली तरी दोन पाळ्यांच्या मध्ये बांधायला नियमानं मुभा आहे.