आठ महिने वापरल्यावर: या बेसबॉल सिम्युलेशनला डबल-ए कळलेलं नाही

हा संगणकावर बेसबॉल क्लब चालवायचा खेळ आहे. अमेरिकेत सर्वांत वर मेजर लीग, तिच्याखाली खेळाडू घडवणाऱ्या मायनर लीगच्या पायऱ्या; त्यातल्या वरच्या तीन, खालून वर, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. गेल्या महिन्यात एका रविवारी कुकर लावायला उठताना मी खेळ चार आठवडे पुढे पळवायला लावला. परत येऊन पाहते तर माझा एकोणीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हाय-एमध्ये नव्हता. डबल-एच्या यादीतही नव्हता. तिथे जेमतेम अकरा सामने खेळवून त्याला थेट ट्रिपल-एला चढवलं होतं. बढत्यांचा अधिकार मी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवला होता. नव्या अपडेटनंतर तो अधिकार मला न विचारता खेळातल्या सहायक मॅनेजरकडे गेला आणि ऑटोसेव्हने जुनी फाइल पुसून टाकली. कंपनीला तीन मेल केले. दोनांना उत्तर आलं, दोन्हींत एकच ओळ: सेटिंग तपासून पाहा.

खेळाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे तो आहे ते ओळखतीलच. खेळाडूंच्या गुणांचं २० ते ८० मोजमाप, खेळाडू शोधणारे स्काउट, क्लबांमधली अदलाबदल (ट्रेड) यांत शिरत नाही. ऑक्टोबरात खरा सीझन संपला की किंमत निम्म्यावर येते, म्हणून मी तोवर थांबले होते. तरीही जे पैसे दिले ते मोजूनमापून दिले. कारण एकच, फार्म सिस्टिम, म्हणजे मायनर लीगच्या संघांतून खेळाडू घडवायची व्यवस्था. नुसते मेजर लीगचे सामने खेळायचे तर १९६१ पासून स्ट्रॅट-ओ-मॅटिक या बैठ्या खेळाची कार्डं आणि फासे आहेतच. होऊन गेलेल्या सीझनच्या आकड्यांवर ते उत्तम चालतं. मला पोरं घडवायची होती.

मी न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहते. इथला संघ सॉमरसेट पेट्रियट्स २०२० पर्यंत अटलांटिक लीगमध्ये होता, मेजर लीगच्या कुठल्याही क्लबशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये. मग मेजर लीगने मायनर लीगची सगळी मांडणी बदलली. १६० संलग्न संघांचे १२० झाले, उन्हाळ्यातल्या आखूड सीझनची पायरी गेली आणि प्रत्येक क्लबकडे पूर्ण सीझनच्या चारच पायऱ्या उरल्या: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. खाली नवख्यांसाठीच्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन समर लीग. त्या उलथापालथीत न्यू जर्सीतल्याच ट्रेंटनच्या संघाचं न्यूयॉर्कच्या यांकीज या मेजर लीग क्लबशी २००३ पासूनचं नातं तुटलं, पेट्रियट्स यांकीजचा डबल-ए संघ झाले आणि डबल-ए आमच्या गावात आलं. तेव्हापासून घरच्या सामन्यांना शक्य तितकी जाते. म्हणूनच ही पायरी खेळात चुकलेली मला सहन होत नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये अँथनी व्होल्पी इथे खेळायला लागला. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसावा निवडला गेलेला, २०२१ मध्ये सिंगल-ए आणि हाय-ए गाजवून आलेला. पहिला महिना त्याची बॅट चालेना. डबल-एचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, वेगळेच असतात. हाय-एमध्ये नुसत्या वेगावर निभावतं. इथे पिचरला वळणारा किंवा संथ असा दुसऱ्या प्रकारचा चेंडूही येतो, आणि स्ट्राइक कमी, बॉल जास्त पडले असतानाही तो असा चेंडू टाकतो. वेगवान चेंडूची वाट बघत उभा राहणारा बॅटर इथे उघडा पडतो. व्होल्पीला वरही नेलं नाही, खालीही पाठवलं नाही. तो खेळत राहिला आणि सावरला. इथे ११० सामने, सप्टेंबरात ट्रिपल-एला फक्त २२, आणि २०२३ चा सीझन सुरू झाला तेव्हा तो यांकीजचा शॉर्टस्टॉप होता. त्याची खरी परीक्षा आमच्या मैदानावर झाली, ट्रिपल-ए हा त्यानंतरचा थोडासा मुक्काम. २०२२ च्या त्याच सप्टेंबरात सॉमरसेटने एरीच्या संघाला १५-० असं, एकही हिट न देता, हरवून डबल-एची ईस्टर्न लीग जिंकली. तो संघ मी एप्रिलपासून पाहिला होता.

खेळात मात्र पायऱ्या जिन्यासारख्या आहेत, सगळ्या एकाच उंचीच्या. फाइलची प्रत काढून तेच वीस बॅटर मी एकदा हाय-एला ठेवले, एकदा डबल-एला, एकदा ट्रिपल-एला, आणि सीझन पुन्हा पुन्हा पळवला. प्रत्येक पायरीला घसरण जवळपास सारखीच. शिवाय खेळाडूची वाढ ठरते ती वय, कोच, मिळालेले सामने आणि फाशांवर. डबल-एमध्ये दोन महिने धडपडल्याने तो काही शिकला, असं आत कुठे नोंदलंच जात नाही. आकडे वाढीतून निघतात, वाढ आकड्यांतून कधीच निघत नाही. मग सहायकाने माझ्या पोराला अकरा सामन्यांत पुढे ढकललं तर त्याच्या हिशेबाने त्यात काय चुकलं?

इथवर लिहून मजकूर तीन आठवडे पडून होता. त्यात आणखी एक तक्रार होती, ती आता मागे घेते.

ट्रिपल-ए फारच सोपं आहे अशी माझी तक्रार होती, कारण माझ्या बॅटरांची तिथली सरासरी .३१०, .३२० होती, म्हणजे फारच चांगली. पण माझा ट्रिपल-ए संघ अल्बुकर्कीचा, पॅसिफिक कोस्ट लीगमधला. शहर १,५०० मीटरहून उंचावर आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो. रिनो आणि एल पासोलाही उंचीमुळे तसंच. पूर्वेच्या इंटरनॅशनल लीगमध्ये तेच बॅटर पाठवले तर आकडे लगेच जमिनीवर आले. लीग सेटिंगच्या आतल्या पानावर पाहिलं तेव्हा कळलं की प्रत्येक लीगच्या धावांचं प्रमाण आणि प्रत्येक मैदानाचा गुणक वेगवेगळा भरलेला आहे, आणि तो बदलताही येतो. हे काम कुणीतरी मन लावून केलंय.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं. माझा दादा कांगा लीगमध्ये डी डिव्हिजनला खेळायचा. पावसातल्या ओल्या विकेटवर त्याने केलेल्या पस्तीस धावा घरी शतकासारख्या साजऱ्या व्हायच्या, आणि ते बरोबरच होतं. नुसता आकडा बघून चालत नाही, तो कुठल्या मैदानावरचा, कुठल्या महिन्यातला हे बघावं लागतं. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९८५ मध्ये मायनर लीगच्या आकड्यांबाबत हेच मांडलं: लीग आणि मैदान यांचा हिशेब करून ते मेजर लीगच्या मापात आणले, तर बॅटरबद्दल ते मेजर लीगच्या आकड्यांइतकंच खरं सांगतात. आता मी प्रत्येक बॅटरसाठी वहीत हा हिशेब करते. ट्रिपल-एबद्दलची तक्रार खोडली. डबल-एची तशीच आहे.

आणखी एक गोष्ट या खेळाने मला दाखवली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबने त्यांच्याशी पिचर म्हणून करार केला; त्याच्या वर्षभर आधीपर्यंत दोघांनी बेसबॉल नीट पाहिलाही नव्हता. २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत खालच्या पायरीवर, खेळले. त्या जुलैत पिचर म्हणून रिंकूच्या नावावर विजय लागला आणि पुढे २०११ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनियात सिंगल-एपर्यंत पोचला. मी तसाच एक पिचर खेळात तयार केला: वीस वर्षांचा, हातात ताकद, बाकी कोरी पाटी. खेळात वेगवेगळ्या वर्षांच्या लीगची मांडणी निवडता येते. २०२४ च्या मांडणीत माझ्याच सहायकाने त्याला पहिल्या वसंतात काढून टाकलं. मी चिडून २००९ च्या मांडणीत तोच मुलगा पुन्हा घातला. तिथे तो चार वर्षं टिकला.

हिशेब करून पाहिला तर खेळ खरंच सांगत होता. तेव्हा ड्राफ्ट ५० फेऱ्यांचा होता, आता २० फेऱ्यांचा. तेव्हा आखूड सीझनच्या लीग होत्या. आता प्रत्येक क्लबला अमेरिकेत मायनर लीगचे एकूण किती खेळाडू ठेवता येतील याला मर्यादा आहे, २०२१ पासून १८०, २०२४ पासून १६५. कोऱ्या पाटीच्या मुलासाठी जागाच उरलेली नाही. अजून मागे, १९४९ च्या मांडणीत गेलं की ५९ लीग दिसतात, अगदी तळाच्या क्लास डीपर्यंत. त्या यादीतली गावांची नावं वाचण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

इतकं नीट ज्यांना जमतं त्यांना एका पायरीची उंची वाढवणं अवघड नाही. महिन्याच्या वाढीच्या हिशेबात त्या पायरीवरचा अनुभव धरणंही नाही. पुढच्या वर्षीची आवृत्ती निघाल्या निघाल्या मी घेणार नाही. ऑक्टोबरची वाट बघेन, आणि बढतीच्या अधिकाराची तक्रार तोवर सुटली नसेल तर ऑक्टोबरातही घेणार नाही. तुमच्याकडे हा खेळ असेल तर प्रत्येक अपडेटनंतर बढतीच्या अधिकाराची खूण तपासा, आणि पुढे पळवण्याआधी फाइलची प्रत काढा.

शॉर्टस्टॉपला मी डबल-एला परत आणलं. ४०० वेळा प्लेटवर बॅटिंगला उभा राहीपर्यंत तो तिथेच राहील, खेळाला ते कळो न कळो. कालपर्यंत १४० झाले आहेत, सरासरी .२१४. सहायक रोज त्याला खाली पाठवायचं सुचवतो आणि मी रोज नाही म्हणते.