जुनी गाडी चेक करून देणारी सर्विस: माणूस भारी, रिपोर्ट फुसका

मुलुंडला सेकंडहँड ग्रँड आय टेन बघायची होती म्हणून जागेवर येऊन गाडी तपासणाऱ्यांपैकी एकाला बुक केलं, कंपनीचं नाव नाही लिहीत कारण खाली तक्रार पण आहे. माणूस मात्र एक नंबर. आल्या आल्या बॉनेट वगैरे काही नाही, पुढची पॅसेंजर सीट मागे सरकवली, कार्पेटची छोटी झडप उचलली, फडक्याने धूळ पुसली आणि टॉर्च मारून सतरा अक्षरी चेसिस नंबर आरसीशी जुळवायला बसला. मग वर कागद धरून पेन्सिल घासली, आरटीओत ट्रान्सफरला प्रिंट काढतात तशी. अक्षरं वरखाली आहेत का, बाजूला ग्राइंडर फिरवलाय का, सगळं त्यात दिसतं म्हणे.

पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची. एमएएल म्हणजे ह्युंदाई इंडिया, मारुतीचं एमए3, टाटाचं एमएटी, महिंद्राचं एमए1, बजाजच्या बाईकला एमडी2. आय, ओ आणि क्यू नंबरात कुठेच वापरत नाहीत, 1 आणि 0 शी गल्लत होते म्हणून, तेव्हा ओ वाटला तरी तो शून्यच. ह्युंदाईत दहावं अक्षर वर्षाचं, या गाडीवर इंग्रजी 'जे' होतं म्हणजे 2018, आणि मालक आपले "2019 ची आहे हो" करतायत कारण पासिंग जानेवारी 2019 चं. खोटं नव्हते बोलत, पण भाव पाडायला आम्हाला बरं सापडलं.

आदल्या रात्री एका परदेशी फुकट साइटवर हाच नंबर टाकला होता, तिने देश आणि कंपनी बरोबर ओळखली आणि पुढे नंबरच चुकीचा म्हणून लाल फुली! त्याचं कारण पण यानेच सांगितलं, अमेरिकेत नववं अक्षर पडताळणीचं असतं, बाकीच्यावरून हिशोब करून काढलेलं, आपल्याकडे तशी सक्ती नाही. शिवाय मॉडेल, इंजिन वगैरेचे मधले कोड प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, त्या साइटकडे इथले कोड नसतील तर ती काय सांगणार कपाळ. असल्या ठिकाणी डॉलर भरून रिपोर्ट अजिबात घेऊ नका.

आता तक्रार. पीडीएफ आली त्यात टायरचे आणि ओरखड्यांचे ढीगभर फोटो, आणि चेसिसपुढे नुसती हिरवी टिक, ना फोटो ना वर्ष. पैसे ज्याचे दिले तेच गायब! शेवटी त्या दादांनी स्वतःच्या मोबाईलवरून प्रिंटचा फोटो पाठवला. मित्राच्या गाडीसाठी परत त्यांनाच मागितलं तर कस्टमर केअर म्हणे माणूस निवडता येत नाही, एरियात जो मोकळा असेल तो येईल.