सही केलेली पॉप आर्ट स्क्रीनप्रिंट, सात महिने घरात राहिल्यावर

सात महिने झाले ही प्रिंट घरी येऊन, आता लिहायला हरकत नाही. पाच रंगांची स्क्रीनप्रिंट (जाळीच्या पडद्यातून शाई दाबून छापलेलं चित्र), जाड कॉटन पेपरवर, खाली डावीकडे पेन्सिलने 38/75, म्हणजे 75 प्रतींपैकी 38 क्रमांकाची, आणि उजवीकडे आर्टिस्टची सही. लांबून नुसता भडक गुलाबी आणि लिंबू रंग दिसतो, एकदम आनंदी वाटतं, आणि जवळ गेलं की कळतं तो गुलाबी ढग म्हणजे अश्रुधूर आहे आणि माणसं तोंड झाकून पळतायत.

आधी जेवायच्या टेबलासमोर लावली, ते चुकलंच. एका बाईची चप्पल सुटलीय, जेवताना नजर सारखी तिथेच जायची, आठवड्याभरात मुलगी खुर्ची बदलून चित्राकडे पाठ करून बसायला लागली. मग पॅसेजमध्ये हलवली.

पॉप आर्टवाला अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याने साठच्या दशकात अपघात, दंगली, इलेक्ट्रिक चेअर असे पेपरातले फोटो घेऊन प्रिंट्स केल्या, आणि 1963 च्या एका मुलाखतीत तो म्हणाला होता की भयानक चित्र पुन्हा पुन्हा बघितलं की त्याचा परिणाम राहत नाही. घेताना मला हीच भीती होती. माझ्या बाबतीत उलटं झालं, तीन महिन्यांनी दिसलं की मागे एक माणूस पळतच नाहीये, खाली बसलेल्या कुणाचा तरी हात धरून उभा आहे, आणि तेव्हापासून मी दर वेळी आधी त्यालाच शोधतो.

काळा रंग बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर सरकलाय, सुरुवातीला डिफेक्ट वाटला. पण प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी आणि स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) हाताने ओढलेली, थोडं इकडेतिकडे होतंच, मला तर आता त्यामुळेच गर्दी हलतेय असं वाटतं. भिंग लावून बघा, ऑफसेटमध्ये (पुस्तकं-पोस्टरांची मशीनवरची छपाई) चार रंगांच्या ठिपक्यांची नक्षी दिसते, इथे गुलाबी रंग सलग बसलाय आणि ठिपके फक्त काळ्यात, ज्या फोटोवरून चित्र केलंय त्याचे. सहीसुद्धा उजेडात तिरकी धरली की पेन्सिलचं शिसं चमकतं.

तक्रार फ्रेमिंगची आहे आणि ती मोठी आहे. पहिल्या फ्रेमवाल्याने मागून साधी चिकटपट्टी मारली आणि साधी काच थेट शाईला टेकवली. त्यात समोर खिडकी. फ्लुरोसंट शाई उन्हात फार लवकर उडते हे मला माहीतच नव्हतं, फ्रेम उघडली तेव्हा कडेची जी पट्टी फ्रेमखाली झाकलेली होती ती बाकीपेक्षा स्पष्ट जास्त गुलाबी होती, बघून पोटात कालवलं. गेलेला रंग परत येत नाही. आता ॲसिड-फ्री माउंट (कागद खराब न करणारा पुठ्ठा), जपानी कागदाच्या हिंजेस (प्रिंट माउंटला धरणाऱ्या छोट्या पट्ट्या) गव्हाच्या खळीने लावलेल्या, उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच, आणि काच नि शाई यांच्यात अंतर.

घेणार असाल तर आधी भिंत ठरवा, ऊन येणारी नको. आणि फ्रेमवाल्याला मागून काय लावणार ते प्रिंट हातात द्यायच्या आधी विचारा.