पोखरापूरचं नवोदय की घरी राहून अभ्यास?

पाचवीतल्या मुलांचे आईबाप दरवर्षी हाच प्रश्न घेऊन आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत येतात. बहुतेक घरी विडीचं काम, नाहीतर टॉवेल कारखान्यात पाळी.

नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, पारडं जड का, हे सांगायला नकोच. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरला सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारी. नववीपासून काहींना थोडी मासिक फी पडते, पण मुलींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तीही माफ. एका खोलीत पाच माणसं राहत असतील, तर मुलाला रोज अभ्यासाचे शांत तास मिळणं हीच मोठी गोष्ट. पण जिल्ह्याला जागा फार तर 80, सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा एकदाच देता येते आणि 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झाली असेल तरच त्या जागांवर हक्क. सोलापूर शहराबाहेर कुंभारीकडे राहायला गेलेल्यांनी शाळा कोणत्या हद्दीत मोडते, हे मुख्याध्यापकांना आधी विचारावं. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, हेही आईला आधीच सांगा.

दुसरी वाट घरातूनच जाते. दिवसा महापालिकेची किंवा अनुदानित शाळा, संध्याकाळी दोन तास जादा अभ्यास आणि आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. सातवीत 55 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. नवोदयला गेलेल्या मुलाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्र धरू नका.

माझं मत मात्र एका मुलीमुळे पक्कं झालं. घरी तेलुगू, आईच्या मांडीवर सूप, ही शेजारी विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, बांधत बसलेली. मी विचारलं, पंचवीसचा कट्टा, तर हजार विड्यांचे कट्टे किती? मान वर न करता म्हणाली, ‘चाळीस.’ तेच गणित मराठीत लिहून दिलं, तर पहिल्या ओळीतच अडकली. तिला हिशेब येत होता, वाचन येत नव्हतं. अशा मुलीला नवोदयच्या सराव प्रश्नपत्रिकांना जुंपलं, तर वर्ष वाया जातं आणि ‘मला जमत नाही’ हे मनात बसतं ते वेगळंच.

तिला हवी होती ती इयत्ता बाजूला ठेवून, ती जिथं आहे तिथून केलेली सुरुवात. मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 दरम्यान ‘प्रथम’ संस्थेने हेच केलं होतं. तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक ताई रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. त्या मुलांचे गुण खरोखर वाढले. पुढे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी ते मोजून दाखवलंय.

म्हणून नवोदयचा फॉर्म भरण्याआधी चौथीच्या पुस्तकातलं न शिकवलेलं एक पान मुलाकडून वाचून घ्या आणि काय कळलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. सहज सांगितलं आणि घरी अभ्यासाला जागा नसेल, तर नवोदयसाठी जीव तोडून प्रयत्न करा. अडखळला, तर आधी वाचन, बाकीचं नंतर. नवोदय हुकलं म्हणून पोराला बोल लावू नका.

त्या मुलीच्या आईने फॉर्म भरला नाही. मुलगी आता सातवीत आहे, गणिताची वाक्यं स्वतः वाचते. पुढच्या वर्षी एनएमएमएसला बसणार आहे.