स्वीटगमच्या पिवळ्या पालवीसाठी इडीडीएचए लोह: सात महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीच्या शेवटी इडीडीएचएचा, म्हणजे झाडाला लोह पुरवणाऱ्या एका औषधाचा, पहिला डोस दिला होता, आता सप्टेंबर संपत आला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. आपल्या सांगलीच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत ज्यांची झाडं दर पालवीला पिवळी पडतायत त्यांनी जरूर वाचा.

विश्रामबागला आमच्या कंपाउंडच्या कडेला दोन स्वीटगम आहेत, नर्सरीवाले लिक्विडअंबर म्हणतात. पाच वर्षांपूर्वी भावाने बंगळूरहून हातभर रोपं आणली होती, आता दहा फुटांच्या वर गेलीत. मूळ अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड, चांदणीसारखं पाच टोकांचं पान, चुरगाळलं की छान वास येतो. आपल्याकडे औषधात शिलारस वापरतात ना, तो याच्याच तुर्कस्तानातल्या भाऊबंदाच्या चिकापासून होतो. या झाडाला ओलसर आणि आम्लधर्मी माती लागते आणि आमच्या मातीचा सामू (पीएच) निघाला ८.२, म्हणजे उलट अल्कधर्मी, वर बोअरचं पाणी इतकं जड की कुंड्यांच्या कडेला पांढरा थर बसतो.

त्यामुळे दरवर्षी फाल्गुनात पालवी फुटली की ती पिवळीच. पान उजेडात धरलं की पिवळ्या कापडावर हिरव्या धाग्याची जाळी विणल्यासारखं दिसायचं, उन्हं वाढली की कडा करपायच्या आणि एप्रिलमध्ये शेंडे वाळायचे. फार जीव तुटायचा बघून. एका दुकानात फोटो दाखवला तर नत्र कमी आहे म्हणून युरिया दिला, मी दोनदा घातला, पालवी जास्त फुटली आणि तीही पिवळीच. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, आमची तर जुनीच हिरवी होती. लोह जुन्या पानातून नव्या पानात सरकत नाही, म्हणून उपास घडतो तो कोवळ्या पानांना.

तासगावचे मामा शिवरात्रीला आले होते, त्यांची द्राक्षबाग आहे. पान हातात घेतलं आणि लगेच म्हणाले, "अगं हा केवडा की. उसावर पडतो तसाच. लोह दे त्याला, पण पाकिटावरची अक्षरं वाचून घे." लोह कमी पडून पानं अशी पिवळी पडतात त्याला केवडा म्हणतात.

ही अक्षरंच महत्त्वाची आहेत, मी आधीच्या वर्षी तिथंच फसले होते. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि दोन्ही पाकिटांवर मोठ्या अक्षरात चिलेटेड लोह लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह. एक इडीटीए, त्यात लोह १२ टक्के, स्वस्त. दुसरं इडीडीएचए, लोह ६ टक्के आणि महाग. साहजिकच आपल्याला वाटतं १२ टक्केवालं भारी. पण इडीटीए सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत लोह धरून ठेवत नाही, चुन्यातलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह मातीतच अडकून बसतं. इडीडीएचए सामू ९ पर्यंत टिकतं. म्हणजे आपल्या जमिनीत आळवणी करायची, पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं असेल तर हेच.

मी दर झाडाला २० ग्रॅम १५ लिटर पाण्यात कालवून आळ्यात फिरवून दिलं, फांद्यांवरचे डोळे फुगले होते पण पालवी उलगडली नव्हती तेव्हा. संध्याकाळीच द्यायचं, उन्हात हे औषध खराब होतं, आणि वरून लगेच साधं पाणी सोडून मुळाशी मुरवायचं. पाणी बीटाच्या रसासारखं लालभडक होतं. बारा-पंधरा दिवसांनी नवीन पानं उलगडली ती हिरवी! सकाळी चहा घेऊन बाहेर आले आणि आईला हाक मारून दाखवली. आधीची जी पिवळी होती ती अर्धवट सुधारली, करपलेल्या कडा काही भरून आल्या नाहीत. दुसरा डोस एप्रिलमध्ये, मग जुलैत पावसात परत शेंडे फिके दिसले, औषध पाण्याबरोबर खाली वाहून जातं, म्हणून उघडीप बघून तिसरा दिला.

तक्रारी पण आहेत. शहाबादी फरशीवर सांडलं त्याचा तांबडा डाग अजून आहे. पाकीट एकदा उघडलं की पावसाळ्यात ओल धरून ढेकूळ होतं, बरणीत घट्ट झाकून ठेवा. आणि हे कायमचं औषध नाही, माती आहे तशीच आहे, दरवर्षी द्यावं लागणार. सामू खाली यावा म्हणून गंधक घालून बघितलं, पण एवढ्या चुन्यापुढे त्याचा काही फरक पडला नाही.

सोबत दोन गोष्टी केल्या. उसाचं पाचट वीतभर अंथरलं, खोडापासून थोडं लांब, आणि आळं खणणं बंद केलं कारण याची मुळं अगदी वरवर असतात. पाणी रोजचं बंद करून माती बोटभर सुकल्यावरच, सतत चिखल राहिला तरी केवडा वाढतो.

भिंतीकडचं झाड मात्र एका बाजूने अजून पिवळट आहे. परवा तिथली माती हलक्या हाताने उकरली तर घर बांधतानाचे प्लास्टरचे तुकडे निघाले, व्हिनेगर टाकलं तर चरचर फेस आला, म्हणजे त्यातही चुनाच. पानं गळाली की जानेवारीत मुळं सांभाळत तो राडारोडा काढून तिथं शेणखत भरणार आहे, मग पालवी फुटायच्या आधी परत २० ग्रॅम.