बाकफीट्स घ्यावी का? आइंडहोव्हनमध्ये दोन पोरांना घेऊन चालवल्यानंतरचं माझं मत

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या, लहान मुलं असलेल्या मराठी घरांत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक वाद हमखास होतो: कार घ्यायची की बाकफीट्स? बाकफीट्स म्हणजे पुढे मोठी पेटी असलेली सायकल. पेटीत बाक, बाकाला पट्टे आणि पट्ट्यांत पोरं. आमचा वाद मागच्या जूनमध्ये बाकफीट्सच्या बाजूने मिटला. तेव्हापासून ऊन, वारा, गणपती, कार्निव्हल सगळं तिच्यावरूनच झालंय. नवीन वस्तूचं कौतुक ओसरलंय, तेव्हा आता खरं काय ते लिहिते.

आधी घरची परिस्थिती, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. आम्ही आइंडहोव्हनच्या मीरहोव्हन भागात राहतो. मोठा पाच वर्षांचा, धाकटी अडीचची. नवरा शेजारच्या फेल्डहोव्हन गावात नोकरीला, तो साध्या सायकलने जातो. मी अजून काम शोधतेय. पाळणाघराचा सरकारी भत्ता दोन्ही पालक नोकरी करत किंवा शिकत असतील तरच मिळतो, त्यामुळे धाकटी आठवड्यातल्या ठरावीक सकाळीच बालवाडीत असते. मोठ्याची शाळा साडेआठला भरते आणि दोनला सुटते. म्हणजे सकाळी दोन ठिकाणी सोडा, दुपारी एकीला आणा, पाणी पिऊन होतंय तोवर दुसऱ्याला आणायला निघा. रिक्षा नाही, व्हॅनवाले काका नाहीत, आजी तर सात हजार किलोमीटरवर. नाशिकला मोठा अ‍ॅक्टिव्हावर पुढे उभा राहायचा आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. इथे आठ वर्षांखालच्या मुलाला सायकलवर न्यायचं तर पाठ, हात, पाय टेकतील अशी नीट बैठक लागते.

कारचा पर्याय होता. भारतीय लायसन्स इथे नाव नोंदवल्यापासून १८५ दिवस चालतं आणि परदेशातून नोकरीसाठी आलेल्यांसाठीची 'तीस टक्के' करसवलत मिळालेल्या कुटुंबांना ते परीक्षा न देता बदलूनही मिळतं. पण शाळेच्या दारात सकाळी कार उभी करायला जागा नसते, रोड टॅक्स गाडीच्या वजनावर बसतो, आणि आमची शाळा आहे सायकलने सात मिनिटांवर.

नवीन इलेक्ट्रिक बाकफीट्स साधारण पाच ते सात हजार युरोंच्या घरात जाते. आकडा ऐकून माझे वडील फोनवर फक्त "सायकलला?" एवढंच म्हणाले. रुपयांत हिशोब करू नका. पहिल्या वर्षी कशाचाच करू नका, नाहीतर कोथिंबीरसुद्धा घशाखाली उतरणार नाही. आम्ही ती नवऱ्याच्या कंपनीतर्फे लीजवर घेतली. कंपनीची सायकल घरी वापरली तर तिच्या किमतीच्या ७ टक्के रक्कम दरवर्षी करपात्र उत्पन्नात धरतात, हा नियम २०२० पासून आहे. सहा हजारांच्या सायकलवर उत्पन्न ४२० युरोंनी जास्त दिसतं आणि कर तेवढ्यावरच लागतो. लीजचा हप्ता पगारातून जातो तो वेगळा. तुमच्या कंपनीत ही सोय आहे का, हे एचआरला पहिल्याच महिन्यात विचारा. आपण होऊन कोणी सांगत नाही.

जुनी घेणार असाल तर फ्रेमवरचा नंबर पोलिसांच्या 'स्टॉपहेलिंग'वर टाकून बघा, चोरीची असेल तर तिथे कळतं. आणि २०२४च्या फेब्रुवारीत ग्राहकसुरक्षा बघणाऱ्या एनव्हीडब्ल्यूए या सरकारी यंत्रणेने बाबू या डच कंपनीला बाकफीट्सची विक्री थांबवायला लावली होती, कारण फ्रेम मोडल्याच्या तक्रारी होत्या. काही मॉडेलं परत मागवली गेली. त्यामुळे सेकंडहँड बाजारात फारच स्वस्तात मिळतेय असं दिसलं की आधी मॉडेलचं नाव तपासा, मग आनंद करा.

दोनचाकी की तीनचाकी? तीनचाकी दुकानात बसून बघितली की भक्कम वाटते, पण जरा वेगात वळलात की आतलं चाक उचलू बघतं. दोनचाकीचं नेमकं उलट. पहिला अर्धा तास जीव मुठीत, नंतर साध्या सायकलसारखीच. पुढचं चाक पेटीच्याही पलीकडे असतं आणि ते तुम्हाला दिसतच नाही. ते शोधायला जाऊ नका, नजर लांब ठेवा, सायकल आपोआप सरळ जाते. मी रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये शिकले. पोरांच्या जागी दहा-दहा किलोच्या आट्याच्या दोन पिशव्या पट्ट्याने बांधल्या होत्या. डच आजोबा कुत्र्याला फिरवता फिरवता थांबून बघत होते. ओझं असताना ती रिकामीपेक्षा शहाण्यासारखी चालते, हे तिथे कळलं.

मोटरबद्दल: इथे चढ नाहीत, मग मोटर कशाला, असं भारतातून सगळे विचारतात. चढ नाहीत, वारा आहे. आमच्या ब्राबांट प्रांतातल्या मोकळ्या रस्त्यावर नोव्हेंबरात समोरून वारा असेल तर पन्नास किलोंची सायकल आणि तीसेक किलोंची पोरं मोटरीशिवाय ढकलून दाखवा. ताशी २५ किलोमीटरनंतर मोटर मदत करायची थांबते, कायदाच तसा आहे, आणि म्हणूनच नंबरप्लेट किंवा लायसन्स लागत नाही. चेनऐवजी रबरी पट्टा असलेली घ्या. ग्रीस नाही, खडखड नाही. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी असते, त्यामुळे ओढणी अडकत नाही. साडी नेसूनही मी चालवली आहे.

सासूबाईंना पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ही तर भाजीवाल्याची हातगाडी! यात बसवणारेस माझ्या नातवंडांना?" दिवाळीत त्या इथे आल्या. गुडघे दुखतात म्हणून बाजारापर्यंत चालवेना, बसस्टॉपही लांब. शेवटी मी स्टँड लावला, त्यांना पेटीत बसवलं, पायांवर शाल घातली. जाताना गप्प होत्या. येताना मांडीवर पालक-कोबी घेऊन मला "जरा हळू ने, मला बघू दे" म्हणत होत्या. बाकफीट्सचा स्टँड रुंद आणि भक्कम असतो, तो लावला की सायकल हलत नाही. मुलांना स्वतःहून चढता-उतरता येतं हा त्यातला मोठा फायदा.

पावसासाठी पेटीवर तंबू मिळतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो न घेता सायकल घेण्यात अर्थ नाही. मुलं आत कोरडी, तुम्ही बाहेर चिंब. सकाळी निघायच्या आधी बाउएनराडारवर पावसाचा नकाशा बघायची सवय लागते, दहा मिनिटं थांबलं तर ढग निघून जातो का, एवढं त्यावरून बरोबर कळतं. आतून तंबूच्या काचेवर वाफ धरते आणि मोठा त्यावर बोटाने ट्रॅक्टर काढतो. आठवड्याभरात आतमध्ये केळं, ओले मोजे आणि चिवडा यांचा मिळून एक वास तयार होतो, त्याला उपाय नाही. आमच्या तंबूची चेन हिवाळ्याच्या तोंडावर तुटली आणि दुकानाने नवीन यायला कित्येक आठवडे लावले. तेवढे दिवस चिमट्यांवर काढले. बाजूचा वारा असेल तर हाच तंबू शिडासारखा फुगतो. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला असेल त्या दिवशी मी सरळ चालत जाते.

डिसेंबरात इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं. म्हणजे शाळेत जाताना अजून अंधारलेलंच. पहिल्या दिवशी मला भीती वाटली होती, पण सायकलचे रस्ते वेगळे, दिवे चांगले, आणि आजूबाजूला तशाच वीस-पंचवीस सायकली. शिवाय अपघात झाला तर सायकलवाल्याच्या नुकसानीची जबाबदारी कायदा बहुतेक वेळा मोटारवाल्यावर टाकतो, आणि सायकलवरचं मूल चौदाच्या खालचं असेल तर जवळजवळ नेहमीच. कारवाले थांबतात ते निव्वळ सौजन्याने नाही. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं तुम्ही. ते नसतील तर उजवीकडून येणारा आधी. हे दोन नियम डोक्यात बसले की निम्मी धास्ती जाते.

आमच्या पोरांचा सगळ्यात आवडता रस्ता होव्हनरिंगवरून जातो. हा सायकलींसाठीचा अधांतरी चौक, २०१२ साली सुरू झालेला. मध्ये ७० मीटर उंच खांब, त्याला २४ केबल, आणि केबलांवर टांगलेलं गोल कडं. कार खालून, सायकली वरून. मीरहोव्हनमध्ये घरं वाढली तशी रहदारी वाढणार होती, म्हणून सायकलींना सिग्नलला थांबवण्यापेक्षा त्यांनी कारचा चौकच खाली नेला. नवऱ्याला शुक्रवारी आणायला जाताना मोठा दोन फेऱ्या मारायला लावतो. रात्री निळसर उजेडात ते अजून छान दिसतं.

आता तोटे, कारण विकणारा हे सांगत नाही.

जागा. ही सायकल अडीच मीटरहून लांब आहे. आमचं घर ओळीतलं, मागे बाग, बागेत शेड, आणि शेडपर्यंत जायला घरांच्या मागून चिंचोळी बोळ. दाराची रुंदी पुरली. पण बोळातून काटकोनात वळून दारात शिरताना सायकल अडते. रोज मागचं चाक उचलून फिरवावं लागतं आणि पन्नास किलो उचलणं म्हणजे काय ते माझ्या कंबरेला विचारा. तीनचाकी तर आत आलीच नसती. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि तळमजल्यावर कुलूपबंद सायकलखोली नसेल, तर माझं स्पष्ट मत: घेऊ नका. रस्त्यावर ठेवायची वस्तू नाही ही.

चोरी. विमा घ्याच, आणि विमा कंपनी सांगेल त्या दर्जाचं कुलूप घ्या, नाहीतर दावा नामंजूर होतो. मागच्या चाकाचं कुलूप अधिक जाड साखळी, आणि साखळी कशाला तरी बांधलेली. बॅटरी थंडीत घरात आणा. गोठलेल्या शेडमध्ये ती चार्ज करायची नसते, आणि थंडीत ती लवकर उतरतेही. वाटेत बंद पडली तर एएनडब्ल्यूबी या वाहनधारकांच्या संघटनेची मदत-गाडी सायकलसाठीही येते, तेवढं सदस्यत्व घेऊन ठेवा.

एवढं सगळं असूनही मी ही सायकल परत घेईन का? हो, आणि त्याचं कारण मोटर नाही, पेटीतली रिकामी जागा आहे.

इथे शाळा सुटली की मुलं एकमेकांच्या घरी खेळायला जातात. ते आधी ठरवावं लागतं. एकाची आई दोघांना घेऊन जाते आणि दुसरी संध्याकाळी न्यायला येते. पहिले दोन महिने मोठ्याला कोणी बोलावलं नाही आणि मलाही कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. माझं डच तेव्हा "धन्यवाद" आणि "पिशवी नको" एवढंच होतं. सायकल आली आणि एका दुपारी त्याच्या वर्गातला एक मुलगा सरळ येऊन पेटीत बसला. उतरेचना. त्याची आई हसत आली, तिच्या मागे आणखी एक लेकरू, पोटात तिसरं. म्हणाली, तुम्ही नेता का आज? मी साडेपाचला येते. साडेपाच म्हणजे साडेपाच, आणि जेवायला थांबणार नाही हेही मला तेव्हा समजलं. तोवर मी पाहुण्यासाठी पुरी-भाजी करून बसले होते. त्या पोराने उभ्या उभ्या तीन पुऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गेले. कोणाला उशीर होणार असला की मला मेसेज येतो. पोहण्याचा क्लास, ज्यासाठी इथे लांबलचक प्रतीक्षायादी असते, तो कुठे लवकर मिळतो हे मला तिथेच कळलं. कार घेतली असती तर मी काच वर करून घरी आले असते.

गणपतीत मूर्ती मंडळाच्या एका घरून आणायची होती. मोठा शेजारी बसला, बाप्पाला पट्टा लावला, धाकटीला नवऱ्याच्या सायकलवर टाकलं. वाटेत लोक मान वळवून बघत होते, पण फेब्रुवारीत कार्निव्हलला हेच लोक केळी आणि मधमाश्या बनून पेट्यांमध्ये बसले होते, त्यामुळे बरोबरी झाली. त्या दिवसांत आइंडहोव्हन स्वतःला लाम्पेगाट म्हणवतं, शाळांना सुट्टी असते आणि कोण कोणाकडे बघेल सांगता येत नाही.

एकच मूल असेल आणि ते चारच्या पुढचं असेल, तर साध्या इलेक्ट्रिक सायकलवर मागची सीट बसवा, चार हजार वाचतील. दोन मुलं, दोघंही सहाच्या आत, आणि कुलूपबंद जागा असेल, तर बाकफीट्स. दुकानातून ती शनिवार-रविवार घरी देतात का विचारा. बरेच जण देतात. बोळ आणि दार याची परीक्षा तेव्हाच होऊन जाते.

मोठ्याने आता स्वतःची लहान सायकल घेतलीय आणि पेटीत बसायला त्याला लाज वाटायला लागलीय. जाताना माझ्या पुढे पळतो, येताना अर्ध्या वाटेत दमतो. मग त्याची सायकल पेटीत आडवी घालायची, त्याला धाकटीशेजारी दाबून बसवायचं आणि तिची कुरकुर ऐकत घरी यायचं. लीज अजून दोन वर्षं आहे, तोवर हे चालेल.